मशीन कुणाच्या हातचं

कोगनूरच्या बुधवारच्या बाजारात वैजयंती मगदूमला लोकांनी चोर म्हणून धरलं. गाडी तिची होती, गाडीने तिला बघून दारही आपणहून उघडलं होतं, आणि मागच्या सीटवरून जे मशीन ती उचलत होती तेही तिचंच होतं. पण हे सांगायचं कुणाला? बोंब ठोकली होती ती खुद्द मशीननेच.

वैजयंती ही जनावरांची डॉक्टर. कृष्णाकाठच्या पंधरा-वीस गावांतल्या डेअऱ्यांसाठी म्हशी तपासायच्या, कुठली गाभण आहे आणि कुठली नुसतीच खाऊन बसली आहे ते सोनोग्राफीवर बघून सांगायचं, हे तिचं काम. मशीन म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी, गळ्यात अडकवायला पट्टा, आणि वायरीच्या टोकाला म्हशीच्या आत धरायचा अंगठ्याएवढा प्रोब. एरवी हे मशीन सदामामांच्या गळ्यात असायचं. सदाशिव सुतार हे तिचे ड्रायव्हर, कंपाउंडर, म्हशीची शेपटी धरणारे आणि म्हशीच्या मालकाशी हुज्जत घालणारे, सगळं काही. वैजयंतीचे वडीलही जनावरांचेच डॉक्टर, मामा त्यांच्या वेळेपासूनचे. ती सात वर्षांची असताना तिला सायकल शिकवली ती मामांनी. त्या बुधवारी मामा आदल्या संध्याकाळीच मशीन मागच्या सीटवर ठेवून रजेवर गेले होते, म्हणून बाई एकटीच गाडी घेऊन आली, चिंचेखाली गाडी लावून डेअरीच्या चेअरमनला भेटली, आणि परत येऊन मशीनचा पट्टा धरून उचलायला गेली.

"हे उपकरण मालकाशिवाय हलवलं जात आहे," मशीन म्हणालं. म्हणालं कसलं, केकाटलं. मग दुसऱ्यांदा केकाटलं, मग तिसऱ्यांदा. त्याच वेळी शंभर पावलांच्या आतले सगळे फोन वाजायला लागले. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला, सलूनमधला माणूस अर्ध्या दाढीने बाहेर आला, आणि बघता बघता गाडीभोवती ही गर्दी.

"बाई, खाली ठेवा ते," एकजण म्हणाला.

"अहो, माझं आहे हे."

"सगळे असंच म्हणतात."

गर्दीत एक ओळखीचा चेहरा होता. गेल्याच आठवड्यात तिने त्याच्या दोन म्हशी तपासल्या होत्या. वैजयंतीने मोठ्या आशेने त्याच्याकडे पाहिलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "डॉक्टरीणबाई आहेत ह्या, मी ओळखतो की. पण मशीन कशाला खोटं बोलेल?"

हाच प्रश्न वैजयंतीलाही पडला होता.

आता मशीन असं का वागलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या माणसासारखे डोकं खाजवत बसाल. काही वर्षांपूर्वीपर्यंत उभ्या गाडीची काच फोडायची आणि आतला लॅपटॉप, कॅमेरा, जे मिळेल ते पळवायचं, हा अगदी बिनकष्टाचा धंदा होता. त्यावर पासवर्ड झाले, बोटाचे ठसे झाले, चेहरे झाले. चोरांनी पासवर्ड धमकावून काढून घेतले, बोटं धरून टेकवली, आणि काहीच जमलं नाही तर मशीन उघडून सुटे भाग विकले. मग 'सोबती' नावाची चिप आली. तिच्यामागची गोष्ट तशी साधी आहे. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. तुम्ही वस्तू कितीही घट्ट धरा, सेकंदाला आठ ते बारा वेळा तो बारीक थरथरतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. ही थरथर ज्याची त्याची वेगळी. त्यात चालताना हात कसा हलतो, वजन कुठल्या खांद्यावर येतं, तळव्याला ऊब किती, हे सगळं मिसळलं की अशी एक खूण तयार होते जी चोरता येत नाही आणि कुणाला सांगताही येत नाही, कारण ती मालकाला स्वतःलाच माहीत नसते.

ही चिप खोक्यातून बाहेर आल्यावर पहिले पंधरा दिवस फक्त शिकते. आपल्याला कोण धरतं, कोण पुसतं, कोण मांडीवर घेतं ते बघते आणि सोळाव्या दिवशी एका माणसाला मालक म्हणून पक्कं करते. त्यानंतर मालक आसपास असेल तोवर कुणीही खुशाल काम करावं. पण मालक नसताना परक्या हाताने उभ्या गाडीतून उचललं की आरडाओरडा, आणि पाठोपाठ आतला प्रत्येक भाग गोठतो. मालकाचा हात लागेपर्यंत ते नुसतं पत्र्याचं खोकं. विकायला काही उरत नाही म्हटल्यावर काचा फुटणं थांबलं. सरकारला हे इतकं आवडलं की कायदाच केला. पावती हरवते, पावती खोटी बनते. तेव्हा मशीन ज्याला ओळखेल तो मालक. आणि मालक बदलायची वाट मुद्दामच अवघड ठेवली, नाहीतर पहिल्यांदा ती चोरांनीच वापरली असती.

तालुक्याच्या ठाण्यात फौजदार शिंत्रे मॅडमनी मशीन टेबलावर ठेवलं, आपली काचेची पाटी त्याला टेकवली आणि पाटीवर उमटलं ते वाचून दाखवलं.

"मालक पुरुष आहे. वय पंचावन्नच्या पुढे. पट्टा उजव्या खांद्यावर घेतो. डॉक्टर, तुमचा हात याला माहीतच नाही."

"माहीत नाही कसा? दोन महिने रोज वापरतेय मी."

"हातात धरून?"

वैजयंती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. म्हैस तपासताना तिचा डावा हात खांद्यापर्यंत प्लास्टिकच्या मोज्यात असतो, आणि मोज्यासकट म्हशीच्या आत. उजवा हात शेणाने भरलेला, त्यामुळे तो मशीनला लावायचा नाही असा मामांचाच दंडक. पडदा तिच्यासमोर मामा धरतात, ती 'जरा उजेड वाढवा' म्हणते आणि बटण मामा दाबतात. काम झाल्यावर पुसून, चार्ज करून ठेवतात तेही मामाच. उघड्या हाताने आपण हे मशीन शेवटचं कधी धरलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना.

आणि पहिल्या पंधरा दिवसांची तर वेगळीच कथा. मशीन आलं ते नेमकं पितृपंधरवड्याच्या दुसऱ्या दिवशी. आईने दारातच खोकं अडवलं. "पितरांच्या दिवसांत नवी वस्तू वापरायला काढतात का कुणी? घटस्थापनेला काढ." आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि मैत्रिणीकडून आणलेलं बिनचिपचं मशीन तोवर हाताशी होतंच. पण नवं मशीन रोज चार्ज करायला हवं होतं. घरात आई ठेवू देईना. गाडीत ठेवायचं म्हटलं तर मामांचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वी चिप नसलेलं जुनं मशीन एका मंगल कार्यालयाबाहेर गाडीची काच फोडून कुणीतरी नेलं होतं, आणि मामा तेव्हा समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले होते. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. "द्या माझ्याकडं, मी सांभाळतो," ते म्हणाले. आणि मग पंधरा दिवस त्यांनी ते तान्ह्या पोरासारखं सांभाळलं. झोपताना उशाशी, दिवसा मांडीवर.

'पहिले पंधरा दिवस मशीन स्वतःजवळच ठेवा, मॅडम' असं कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं खरं. पण त्या वेळी वैजयंतीचा हात म्हशीत होता, म्हैस लाथा झाडत होती, आणि फोन तिच्या कानाशी धरला होता मामांनी. तिच्या डोक्यात ते शब्द शिरलेच नव्हते. मामांच्या कानावर पडले होते का?

हा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचाच राग आला. पण आला तो आलाच.

"सदामामा असतील," ती म्हणाली. "मशीन त्यांना ओळखत असणार."

मामा तासाभरात एसटीने आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोळे लालभडक. त्यांनी टेबलावरचं मशीन उचललं मात्र, पडदा उजळला आणि मंगळवारी तपासलेल्या म्हशीचं चित्र दिसायला लागलं. मामा कौतुकाने हसले. "बघा, कसं वळकलं," ते म्हणाले, आणि मग त्यांना दिसलं की दुसरं कुणीच हसत नाहीये.

"सुतार, आज कुठे होता तुम्ही?" शिंत्रे मॅडमनी विचारलं.

"चुलत्याचं तेरावं होतं. ताईंना सांगून रजा घेतलीय."

शिंत्रे मॅडमनी मामांचाच फोन घेऊन त्यांच्या चुलत्याच्या घरी लावला. फोन चुलत्यानेच उचलला आणि आपली तब्येत ठणठणीत असल्याचं सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. एक हवालदार फिसकन हसला आणि मॅडमनी बघितल्यावर गप्प झाला.

"मग होता कुठे?"

मामा पायातल्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"डॉक्टर, या वर्षातली ही तिसरी केस," मॅडम वैजयंतीकडे वळून म्हणाल्या. "ड्रायव्हर, मदतनीस, घरकामाचा माणूस. पहिले पंधरा दिवस काहीतरी निमित्त काढून मशीन आपल्याजवळ ठेवतात. मग कायद्याने ते त्यांचं. एक दिवस रजा घेतात आणि मशीनसकट गायब होतात. तुमचं आधीचं मशीनही यांच्याच ताब्यात असताना गेलं होतं, म्हणालात ना?"

वैजयंतीचं डोकं पार भंजाळलं. ज्या माणसाने तिच्या बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांना उचलून न्हाणीघरात नेलं, तो माणूस हा. आणि जिवंत चुलत्याचं तेरावं घालून आलेला माणूसही हाच. दोन्ही खरं कसं असेल? पण दोन्ही खरं होतं, समोर उभं होतं.

"मामा," ती म्हणाली, "का केलंत?"

मामांनी मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

पाटीवर दोनच रकाने होते. पहिला: मशीन ज्याला ओळखतं तोच खरा मालक आहे. दुसरा: मशीन ज्याला ओळखतं त्याने मालकी लपवाछपवी करून मिळवली आहे. पहिल्यावर सही केली तर मशीन मामांचं, वैजयंतीचा त्याच्यावर काडीचा हक्क नाही, आणि मशीनशिवाय डेअऱ्यांचं काम बंद. दुसऱ्यावर केली तर मामा आत. गैरसमज झाला, म्हशीचा मोजा मध्ये आला, आईचा पितृपंधरवडा मध्ये आला, असलं काही लिहायला तिसरा रकानाच नव्हता.

"शुक्रवारी दुपारपर्यंत काहीतरी एक भरावं लागेल," शिंत्रे मॅडम म्हणाल्या. बाई तशा वाईट नव्हत्या. "एक सोय मात्र आहे. हे आत्ता राजीखुशीने मशीन तुम्हाला देऊन टाकत असतील तर प्रकरणच मिटतं. दोघांनी मशीनवर तळहात ठेवायचे, दोन मिनिटं. हिरवा दिवा लागला की मशीन तुमचं."

मामांनी लगेच हात ठेवला. त्यांच्या शेजारी वैजयंतीने ठेवला. दोन मिनिटं संपली आणि दिवा लाल झाला. पडद्यावर अक्षरं आली: देणाऱ्याला भीती वाटते आहे. देणं नाकारलं.

"हं," मॅडम म्हणाल्या. "हा बंदोबस्त चोरांसाठी आहे. गळ्याला सुरी लावून 'दे' म्हटलं तर माणूस देईलच की. म्हणून घाबरलेल्या हाताचं देणं मशीन मानत नाही. भीतीने थरथर बदलते, ते त्याला कळतं. ठाण्यात काय, सगळेच घाबरतात. घरी जाऊन करा निवांतपणे."

घरी आईने सगळं ऐकलं आणि ती एवढंच म्हणाली, "सदाने चोरी केली असेल तर मग मीही केली. मीच म्हटलं होतं ना, आता काढू नको म्हणून." वैजयंतीला हे पटलं. मग जेवताना तिला आठवलं की मागच्या महिन्यात एका गोठ्यात मामा मोठ्या ऐटीत म्हणाले होते, "माझ्याशिवाय हे मशीन चालतंय होय?" तेव्हा सगळे हसले होते. आता तिला त्यातलं काय हसण्यासारखं होतं ते कळेना. माणसाचं एक वाक्य, पण बुधवारच्या आधी ऐकलं तर एक आणि नंतर ऐकलं तर भलतंच. तिने जेवण अर्धं टाकलं.

गुरुवारी सकाळी मामा नेहमीसारखे आठला हजर. मशीन त्यांच्याच गळ्यात होतं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात ते गप्प बसत नव्हतं. त्यांनी गाडी धुतली, दवाखान्याच्या मागच्या आवारात झाडलोट केली. दहाच्या सुमाराला वैजयंतीने चहा केला, मागच्या दाराने बाहेर आली, मामांना बाकावर बसवलं आणि म्हणाली, "पुन्हा एकदा करून बघू या. इथे कुणी नाही."

दोघांनी हात ठेवले. समोर लिंबाची सावली, कोंबड्या, गरम चहा. दोन मिनिटांनी लाल दिवा.

वैजयंतीने मामांना तिथेच सोडून आत जाऊन कंपनीला फोन लावला. मशीन बिघडलंय, असंच तिचं म्हणणं होतं. पलीकडे एक समजूतदार आवाजाची मुलगी होती. तिने मशीनमधल्या नोंदी दुरूनच उघडल्या.

"बिघाड काही दिसत नाही, मॅडम. काल दुपारी भीती खूप होती. आज सकाळी आठपासून हात एकदम शांत आहे. दहा वाजून चार मिनिटांनी भीती परत सुरू झाली. तेव्हा काय झालं होतं?"

दहा वाजून चार मिनिटांनी वैजयंती चहा घेऊन बाहेर आली होती.

"आणि ही नवीन नाही," मुलगी सांगत होती. "गेले दोन महिने रोज सकाळी नऊला थोडी थोडी दिसते आहे. संध्याकाळी जाते. कशाची ते मशीनला समजत नाही, मॅडम. वाटतेय एवढंच समजतं."

सकाळी नऊला मामा तिला घेऊन निघायचे. संध्याकाळी घरी सोडायचे.

ती बाहेर आली. चहा तसाच होता, वर साय धरली होती. ती मामांच्या शेजारी बाकावर बसली, आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत ती अशी त्यांच्या शेजारी कधी बसली नव्हती.

"मामा, तुम्ही मला घाबरता?"

"डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय," मामा म्हणाले. "वरीस होत आलं. काल मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात गेलतो. त्येंनी थेंब घातलं, आपरेशन करा म्हणालं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी गाडी काढून घेतली असती."

"घेतलीच असती."

"घ्यायलाच पायजे. तुमी मागं बसलेल्या असताय, माझी गाडी धुरातनं चाललेली. रोज सकाळी किल्ली लावताना पोटात गोळा येतोय माझ्या. पन गाडी गेल्यावर मी काय करू? घरात बसून भिंती मोजू?"

वैजयंतीला राग आला, पण तो मिनिटभरही टिकेना. "हे ठाण्यात का नाही सांगितलंत? सगळं तिथेच मिटलं असतं."

"सांगनार व्हतो," मामा म्हणाले. "तोंडाशी आलं व्हतं. तेवढ्यात तुमी बोलला, मामा, का केलंत. केलंत का, असं न्हाई विचारलं. मला वाटलं, हिनं तर ठरवूनच टाकलंय. मग डोळ्याचं सांगून काय उपेग?"

ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, त्यामुळे ते जास्तच लागलं. वैजयंती खाली बघत बसली. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही तिच्या मनातला एक काटा निघालेला नव्हता. कंपनीचा माणूस फोनवर पंधरा दिवसांचं बोलला ते मामांनी ऐकलं होतं की नव्हतं? विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. प्रश्न अगदी जिभेवर होता. पण विचारला की तो हात पुन्हा थरथरणार, हे आता तिला मशीनइतकंच कळत होतं. आणि न विचारता राहिलं तर जन्मभर कळणार नाही. तिने थंड चहाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि प्रश्न गिळून टाकला.

शुक्रवारी अकरा वाजता दोघं ठाण्यात गेली. गाडी वैजयंतीने चालवली आणि मामा शेजारी मशीन मांडीवर घेऊन बसले होते.

"हात ठेवून बघायचं का शेवटचं?" शिंत्रे मॅडमनी विचारलं.

"नको," वैजयंती म्हणाली. "पहिला रकाना भरा. मशीन सदाशिव सुतारांचं आहे."

मामा चमकून तिच्याकडे बघायला लागले. "ताई, आसं काय करताय?"

"डॉक्टर, नीट विचार केलाय ना?" मॅडम म्हणाल्या. "मशीन जाईल तुमचं. उद्या यांनी कुणालाही देऊन टाकलं तरी तुम्हाला बोलता येणार नाही."

"केलाय," वैजयंती म्हणाली, आणि पाटीवर सही केली. सही करताना तिला वाटलं की आता सगळं संपलं, बरं झालं, आपण चांगलं वागलो. हे असं वाटून पुरतं व्हायच्या आत पाटीवर पुढचं पान आपणहून उघडलं.

शिंत्रे मॅडमनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. "अहो, हे काय आता," त्या पुटपुटल्या.

"काय झालं?"

"मशीन सुतारांचं आहे असं तुम्ही लिहून दिलंत. मग बुधवारी दुपारी उभ्या गाडीतून सुतारांचं मशीन त्यांच्या माघारी तुम्ही उचललंत. चाळीस-पन्नास लोकांच्या फोनवर त्याची नोंद आहे. चोरीचा प्रयत्न म्हणून प्रकरण आता तुमच्यावर आलंय, डॉक्टर. मी नाही म्हणत, ही पाटी म्हणतेय."

"पण गाडी माझी आहे," वैजयंती म्हणाली. आपण काहीतरी वेडगळ बोलतोय हे तिला बोलतानाच कळलं.

"गाडी तुमची आहेच. मशीन यांचं." मॅडम अवघडून मामांकडे वळल्या. "सुतार, आता सगळं तुमच्या हातात आहे. तुमची यांच्याविरुद्ध तक्रार असेल तर गुन्हा दाखल होतो, नसेल तर इथेच बंद. त्याआधी यांना काही विचारायचं असेल तर विचारू शकता. का उचललं, कशासाठी उचललं, कायद्याने तुम्हाला हक्क आहे तो."

मामा मशीनवर हात ठेवून बसले होते. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी वाहन परवान्याबद्दल मोठ्याने भांडत होतं. वैजयंती मामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला तो चेहरा वाचता येईना. बुधवारी याच खोलीत हे समोर उभे होते आणि आपण काय विचारलं ते तिला आठवलं. आता यांनी तेच विचारलं तर? जन्मात पहिल्यांदा तिला सदामामांची भीती वाटली.

"विचारा, सुतार," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई विचारायचं," मामा म्हणाले.

"काहीच नाही?"

"काय विचारायचं त्यात? सात वर्साची असल्यापास्नं बघतोय मी तिला. तिनं उचललं तर कामासाठीच उचललं असंल. चोरी करायची न्हाई ती."

शिंत्रे मॅडमनी 'तक्रार नाही' असं टिपून घेतलं आणि पाटी दोघांपुढे सरकवली. वैजयंतीला इतकी लाज वाटत होती की तिला मान वर करवेना. सहीसाठी तिने बोट टेकवलं तर ते असं थरथरायला लागलं की पाटीने दोनदा सही नाकारली आणि तिसऱ्यांदा कशीबशी घेतली. तिच्याखाली सदामामांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्यांचा हात अगदी स्थिर होता.

मग ते उठले, मशीनचा पट्टा उजव्या खांद्यावर चढवला आणि म्हणाले, "चला ताई, कोगनूरची मानसं म्हशी बांधून बसली असतील."